फवाऱ्यानंतरचे वाचन

त्या पत्रात एकच प्रश्न होता आणि त्याचे उत्तर मला देता येत नव्हते. 'फवारा मारण्यापूर्वीच्या आणि मारल्यानंतरच्या वाचनात आपल्याकडून काही फरक झाला होता का? झाला असल्यास कृपया आपल्या शब्दांत लिहावे.' खाली बारीक अक्षरांत सूचना होती. उत्तर टपालानेच पाठवावे, प्रयोगशाळेतल्या कोणाला दाखवू नये, कारण ही उत्तरे बाहेरचा एक तज्ज्ञ उघडणार आहे. सोबत पत्ता छापलेले, तिकीट लावलेले पाकीट होते.

दुसऱ्या कोणी हे काम चहा गार होण्याच्या आत उरकले असते. 'काही फरक नव्हता' एवढे लिहायचे आणि सही ठोकायची. पण मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रिते तपासली आहेत. 'काही' या शब्दात काय काय येते, हा विचार मला सोडवत नाही. पहिल्या वेळी मी खुर्चीत मागे टेकून बसलो होतो, दुसऱ्या वेळी पुढे सरकलो होतो. हा फरक धरायचा का? मधल्या वेळात मी शिंकलो होतो. हा? मी मसुदे केले, फाडले, पुन्हा केले. शेवटी पत्र शब्दकोशात ठेवून दिले आणि उद्या बघू म्हटले. उद्या म्हणण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. लग्नही मी उद्यावरच ढकलत गेलो आणि ते राहून गेले.

निवृत्तीनंतर मी ताईकडे राहायला आलो. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. घरात ती, तिची मुलगी म्हणजे माझी भाची, आणि मी. भाचीचा नवरा परगावी नोकरीला असतो; ती इथे श्वसनरोगांच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते. ताईला गेल्या वर्षी रक्ताचा आजार निघाला. उपचारांनी तो आटोक्यात आला, पण अंगातली प्रतिकारशक्ती पार धुऊन निघाली. डॉक्टरांनी सांगितले, साधी सर्दीसुद्धा यांच्या छातीत उतरेल आणि मग आमच्या हातात काही राहणार नाही. तेव्हापासून ताईच्या खोलीचे दार बंद. आत जायचे ते फक्त भाचीने आणि सकाळी येणाऱ्या नर्सबाईंनी, तेही हात धुऊन आणि मास्क लावून.

मला मात्र पूर्ण बंदी. माझे नाक म्हणजे गळका नळ. बाराही महिने ते वाहते. त्यातले किती सर्दीचे, किती धुळीचे आणि किती नुसत्या सवयीचे, हे डॉक्टरांनाही सांगता आलेले नाही.

म्हणून मी दाराबाहेर पॅसेजमध्ये खुर्ची टाकून ताईला वाचून दाखवत असे. दाराखालच्या फटीत टॉवेलची गुंडाळी घातलेली. ताईला कमी ऐकू येते, त्यामुळे मला आवाज चढवून वाचावे लागे. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण पुस्तक हातात असले आणि समोर माणसाऐवजी दार असले, की मला भीती वाटत नाही. एका जहाजाच्या कप्तानाने लिहिलेले जाडजूड प्रवासवर्णन आम्ही वाचत होतो. जहाजावरचा आचारी तापाने फणफणला होता आणि खलाशी कच्चे पीठ खात होते. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ जिन्यात भेटले की विचारत, "काय हो, आचारी वाचला का?" मी लाजेने अर्धा होई.

हिवाळा लागला तशी ताई गप्प होऊ लागली. आधी ती आतून टोमणे मारायची, कप्तानाची अक्कल काढायची. पुढे पुढे मी पानामागून पान वाचत जाई आणि आतून हूं की चूं नसे. जेवणाचे ताट अर्धे परत येई. भाची ते स्वयंपाकघरात नेऊन ठेवी आणि ओट्याला टेकून नुसती उभी राही.

"आई म्हणते, मला आवाज नको, माणूस हवंय," ती एकदा मला म्हणाली. "मी दिवसभर कामावर. नर्सबाई येतात नि जातात. तू दाराबाहेर. मामा, तिनं आतल्या आत जगणं सोडून दिलं तर त्याला कुठला डॉक्टर औषध देणार?"

मी नाक पुसत उभा राहिलो.

तिच्या प्रयोगशाळेत त्या वेळी तोंडात मारायच्या फवाऱ्यावर काम चालले होते. तिने मला ते समजावले होते. आपण बोलतो तेव्हा घशातली, ओठांतली ओल ताणली जाते, तिचे धागे होतात आणि धागे तुटले की थेंब उडतात. जड थेंब खाली पडतात. अगदी बारीक असतात ते हवेत धुरासारखे रेंगाळतात, आणि सर्दीचे विषाणू त्यांच्यावर स्वार होऊन खोलीभर हिंडतात. फवाऱ्याने ती ओल अशी करायची की बारीक थेंब कमी निघावेत.

"म्हणजे तोंडाला वंगण!" ताई दाराआडून म्हणाली होती. तेव्हा ती अजून बोलत होती. "या किड्याच्या नाकाला पण लावा थोडं."

'किडा' म्हणजे मी. पुस्तकातला किडा. लहानपणी तिनेच ठेवलेले नाव.

चाचणीसाठी सर्दी झालेली माणसे हवी होती. भाचीने मला विचारले आणि मी हो म्हटले. माझे नाक कोणाच्या कामी येण्याची ती पहिलीच वेळ. नात्यातल्या माणसाची मोजणी करायची नाही असा तिथला नियम असल्यामुळे माझी मोजणी दुसऱ्याच एका तंत्रज्ञाने केली. लहानशी बंद खोली, समोर मोठ्या नरसाळ्यासारखे काहीतरी, त्याच्यामागे यंत्र. नरसाळ्यात तोंड घालून ठरलेला उतारा मोठ्याने वाचायचा. उतारा बागेतल्या झाडांबद्दल होता, अगदी निरस. "आवाज या हिरव्या पट्ट्यात ठेवा," तंत्रज्ञ पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला आणि आपल्या आकड्यांकडे वळला.

पहिल्यांदा मी जसा रोज दारासमोर वाचतो तसा वाचला. मग त्याने माझ्या तोंडात फवारा मारला. चव किंचित खारट. थोडा वेळ थांबायचे होते, तेव्हा त्यांनी दिलेले फवाऱ्याचे माहितीपत्रक पुन्हा वाचून काढले. चष्म्यावर वाफ धरत होती म्हणून दुसऱ्या वेळी तो काढून ठेवला. उतारा एव्हाना पाठच झाला होता. वाचून बाहेर आलो. तंत्रज्ञ म्हणाला, "छान, झालं." मला फार बरे वाटले. मला 'छान' म्हणणारी माणसे फार नाहीत.

त्यानंतर ते पत्र आले आणि शब्दकोशात गेले.

मग एका संध्याकाळी भाची घरी आली ती जवळजवळ धावतच. चप्पल एकीकडे, पिशवी दुसरीकडे.

"मामा, आकडे चांगले आलेत! सगळ्यांचे नाही, पण बऱ्याच जणांचे उतरलेत. आणि एकाचा तर इतका खाली गेला की आम्हाला वाटलं यंत्रच बंद पडलं." मग तिने जीभ चावली. "हे मी बोलायला नको होतं. तू ऐकलं नाहीस."

"नाही ऐकलं," मी म्हणालो. पण छातीत काहीतरी फुगले. तो एक जण मी तर नसेन?

ती माझ्यासमोर बसली आणि आवाज खाली आणला. "ऐक. रविवारी तुला आत बसवू या. आईजवळ. खिडकी सताड उघडी, तू खिडकीशी, ती पलंगावर. वाचताना मास्क लावलास तर तिला अक्षर कळणार नाही, तेव्हा मास्क नको. फवारा मारायचा. थोडाच वेळ."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर म्हणाले नको." तिने डोळे चोळले. "ते तिचं रक्त बघतात, मामा. ताट मी बघते."

"आणि माझं नाक?"

"ते तर जन्माचंच आहे. आत्ता ताप आहे? घसा दुखतोय?"

मी आवंढा गिळून पाहिला. दुखतो म्हटले तर दुखत होता, नाही म्हटले तर नव्हता. "नसावा," मी म्हणालो.

ताईला ही बातमी कळली आणि त्या दिवशी ताट रिकामे परत आले. दाराआडून आवाज आला, "किड्या, येताना जरा माणसात ये. तो उसवलेला स्वेटर घालून येऊ नकोस." मला रडू आले. नाक तर वाहतच होते, त्यामुळे कोणाला कळले नाही.

भाचीने मला फवाऱ्याची बाटली दिली. सवय असावी म्हणून मी आदल्या दिवशी दुपारी ती वापरून पाहिली. भाची बाजारात गेली होती. तोंडात फवारा मारला, थोडा थांबलो आणि नेहमीच्या खुर्चीत बसून पुस्तक उघडले. आचाऱ्याचा ताप उतरू लागला होता.

"काय पुटपुटतोयस?" ताई आतून ओरडली. "ऐकू येत नाहीये!"

"फवारा मारलाय," मी म्हणालो.

"काय?"

"फवारा!"

"मग? तोंड शिवलंय का त्यानं?"

मी दाराजवळ तोंड नेऊन हळू आवाजात समजावले. माहितीपत्रकात लिहिले आहे, तोंडाच्या आत एक अतिशय पातळ थर तयार होतो. जोरात बोललो तर तो थर फाटेल की! म्हणून सांभाळून वाचायचे, ओठ फार न ताणता.

मग ताई हसू लागली. कितीतरी आठवड्यांनी मी तिचे हसणे ऐकत होतो. हसता हसता तिला ठसका लागला.

"अरे गाढवा," ती धापा टाकत म्हणाली, "तो थर आहे की अंड्याचं कवच? मग त्या यंत्रापुढं पण असाच मुका वाचलास वाटतं?"

तिने चेष्टेने म्हटले होते. मी मात्र पुस्तक मिटले.

हो. असाच वाचला होता. ते नरसाळे, चष्मा काढलेले धुरकट डोळे, जिभेवरची ती खारट चव, सगळे पुन्हा समोर आले. काठोकाठ भरलेली वाटी हातात घेऊन चालावे तसा मी तो उतारा वाचला होता. हिरवा पट्टा चष्म्याविना मला दिसतच नव्हता आणि तंत्रज्ञ आकड्यांत बुडालेला होता. थर जपायचा म्हणून, फवारा यशस्वी व्हावा म्हणून, भाचीचे काम चांगले व्हावे म्हणून मी कुजबुजलो होतो. आणि माणूस कुजबुजला तर थेंब कमी उडणारच. त्याला फवारा कशाला हवा?

"किड्या? आहेस का?"

"आहे," मी म्हणालो. "चहा ठेवतो."

चहा ठेवला आणि तो उतू गेला. ओटा पुसता पुसता मी मनाशी वकिली करत होतो. तो सर्वांत खाली गेलेला आकडा माझाच कशावरून? बाकीच्यांचेही उतरले आहेत, असे भाचीच म्हणाली. फवारा खरोखर चांगला असेलही. मी एकटा काय बिघडवणार? पण लगेच दुसरा विचार येई. उद्या आत बसून ताईला ऐकू जावे म्हणून मी मोठ्याने वाचणार. म्हणजे ज्या आवाजावर फवाऱ्याचा काय परिणाम होतो हे माझ्यापुरते कोणी मोजलेलेच नाही, त्या आवाजात. आणि माझ्या घशात आता नक्की काहीतरी खवखवत होते. की मला तसे वाटत होते? आरशासमोर आ करून पाहिले. लाल दिसला. पण निरोगी घसा किती लाल असतो हे मला कुठे ठाऊक होते?

भाची भाजीच्या पिशव्या घेऊन आली. तिने नवा उशीचा अभ्राही आणला होता. "उद्यासाठी," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिच्या कपाळावरची आठी गेली होती. तिच्या मागोमाग मी स्वयंपाकघरात गेलो.

"अगं, मला जरा..."

"बोल ना."

"घसा जरा खवखवतोय बहुतेक."

तिचे हात थांबले. "बहुतेक म्हणजे? मामा, तू घाबरलायस. प्रत्येक वेळी तू ऐन वेळी काहीतरी काढतोस. माझ्या लग्नात नाही का, आहेर द्यायला नाव पुकारलं तर न्हाणीघरात जाऊन बसला होतास."

ते खरे होते. मी मूग गिळून बाहेर आलो. ज्याच्या भीतीची घरातल्या सगळ्यांना सवय झाली आहे, त्याला खरेच भिण्याजोगे काही सापडले तर त्याने ते सांगावे कसे?

रविवारी सकाळी भाचीने आतली खुर्ची पुसली, खिडकी उघडली, ताईला नीट उठवून बसवले. मी धड असलेला स्वेटर घातला होता, हात धुतले होते, बगलेत पुस्तक होते. दार उघडले. इतक्या महिन्यांनी मी ताईला लाकडाआडून नव्हे, समोर पाहिले. ती एवढीशी झाली होती. केस विंचरलेले, अंगावर निळी शाल. तिने खिडकीजवळच्या खुर्चीकडे हात केला, पाहुण्याला बस म्हणावे तसा.

"आ कर," भाची बाटली घेऊन पुढे आली.

मी तोंड घट्ट मिटले आणि मान हलवली.

"मामा, लहान मुलासारखं काय करतोस?"

मी उंबरठ्यावरून दोन पावले मागे सरलो, पॅसेजच्या दुसऱ्या भिंतीला टेकलो आणि तोंडावर रुमाल धरून बोललो. चाचपडत, मागचे पुढे करून, पण बोललो. थर, वाटी, चष्मा, हिरवा पट्टा. "मी दुसऱ्यांदा कुजबुजलो होतो गं. माझा आकडा फवाऱ्याचा नाही. माझ्या आवाजाचा आहे."

भाचीने आधी दार ओढून घेतले. मग माझ्याकडे वळली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"आणि हे तू मला आत्ता सांगतोस? ती आत तयार होऊन बसलीये!"

"मला कालच कळलं. काल सांगायला आलो होतो."

"काल तू घशाचं सांगितलंस!" तिने कपाळाला हात लावला. मग अगदी निराळ्या, कामावरच्या आवाजात म्हणाली, "तू हे मला सांगायलाच नको होतंस. मला हे माहीत असणं बरोबर नाही. तुम्हा सगळ्यांना पत्र आलं असेल. त्याचं उत्तर लिहिलंस?"

"नाही."

"एकानं दिलेलं नाही, असं आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई सांगत होत्या. त्या एका उत्तरासाठी सगळा निकाल अडकलाय." तिने माझ्याकडे पाहिले. "तुझंच का ते?"

"असावं."

ती हसली नाही. "मामा, तुझा आकडा काढला तर जे उरेल ते उरेल. मला ते खरं उरलेलं हवंय. आणि मी बघ, माझ्याच आईला..." तिने ती बाटली स्वतःच्या ॲप्रनच्या खिशात टाकली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला पुढे झालो. मग माझे नाक आठवले आणि हात मागे घेतला.

"काय चाललंय बाहेर?" आतून ताई. "येतोयस ना रे?"

बोलायचे मलाच होते.

"ताई, आज नाही," मी दारातून मोठ्याने म्हणालो. "माझ्यामुळं मोजणी चुकलीये. फवारा किती चालतो ते अजून नक्की नाही. माझा घसाही बरा नाही. तुला काही झालं तर..." पुढचे वाक्य मला करता आले नाही.

आतून पलंगाची कुरकुर ऐकू आली. ती आडवी झाली असावी.

"ताई?"

"मी केस विंचरून घेतले होते," ती म्हणाली. बस, एवढेच. तिने मला चार शिव्या हासडल्या असत्या तर मी आनंदाने ऐकल्या असत्या.

मी माझ्या टेबलापाशी गेलो, शब्दकोशातून पत्र काढले आणि लिहायला बसलो. या वेळी मसुदा केला नाही. लिहिले: 'होय, फरक झाला. फवाऱ्याने तयार होणारा थर मोठ्याने बोलल्यास फाटेल, अशी माझी समजूत झाली होती. म्हणून दुसऱ्या वेळी मी मुद्दाम फार हळू आवाजात वाचले. चष्मा काढल्यामुळे पडद्यावरचा हिरवा पट्टा मला दिसत नव्हता. माझी मोजणी धरू नये. पुन्हा बोलावल्यास मी येईन आणि दोन्ही वेळा सारख्याच आवाजात वाचेन. उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल क्षमस्व.' वाचून पाहिले. 'मुद्दाम' हा शब्द फार कठोर वाटला. खोडावासा वाटला. नाही खोडला.

स्वेटरवर कोट चढवून निघालो तेव्हा भाची दाराबाहेरच्या माझ्या खुर्चीत बसली होती. मांडीवर कप्तानाचे पुस्तक. ती वाचत नव्हती, नुसते पान धरून होती. मी तिला पाकीट दाखवले नाही, दाखवायचे नव्हतेच. पण तिने ते पाहिले आणि पाय आखडून मला वाट करून दिली.

रस्त्यावर बोचरे वारे होते. टपालपेटी कोपऱ्यावर, औषधांच्या दुकानाशेजारी. दुकानाच्या दारात एक बाई लहान मुलाचे नाक पुसत होती आणि ते पोर शिंकत होते. मी नकळत श्वास रोखला आणि मग लक्षात आले, लोकांनी माझ्यापासून जपावे असा माणूस मीच आहे. पेटीपाशी उभा राहून पाकिटावरचा पत्ता पुन्हा वाचला. छापील होता, चुकण्याचा प्रश्नच नव्हता. तरी वाचला. घशात आता स्पष्ट दुखत होते, गिळताना काटा लागल्यासारखे. ते आजच सुरू झाले की कालपासून होते, आणि सकाळी मी उंबरठ्यावर किती वेळ उभा होतो, हा हिशेब मनात सारखा चालू होता आणि जुळत नव्हता.

मी पाकीट फटीत सरकवले. ते आत पडल्याचा आवाज येईपर्यंत बोटे तिथेच ठेवली.